भीमासुराची तिरकी रेघ

तुळशीदासला कॉम्प्युटरची सी भाषा येत होती आणि अख्ख्या जव्हारात तिचं कुणाला काही काम नव्हतं. हे दुःख मोठं विचित्र. चारचौघांत सांगावं तर लोक विचारायचे, "सी? म्हणजे ए आणि बी आधीच झालं का?" लग्नाआधी नाशिकला खोली घेऊन त्याने कोर्स केला, प्रमाणपत्राला फ्रेम केली, आणि मग जव्हारच्या एका कचेरीत कारकून म्हणून चिकटला. कचेरीत कॉम्प्युटर आला तेव्हा त्याला वाटलं, आला आपला दिवस. साहेबांनी त्याच्याकडून दोन हजार चार सालच्या कॅलेंडरची प्रिंट काढून घेतली आणि कॉम्प्युटरवर प्लास्टिकचं कव्हर घातलं.

त्यामुळे होळीच्या आधी पोशेरा गावचे रंगूबाबा एक सरकारी कागद घेऊन त्याच्या दारात उभे राहिले, तेव्हा त्याला देव भेटल्यासारखं झालं. रंगूबाबा म्हणजे पोशेऱ्याच्या बोहाड्याचे प्रमुख. बोहाड्यात देवादिकांचे, राक्षसांचे मोठाले मुखवटे चढवून सांबळाच्या तालावर नाचतात. कुठलं सोंग कुठल्या घराचं ते पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. मुखवटा त्या घरात टांगलेला असतो आणि त्याच घरातला माणूस तो नाचवतो. तुळशीदास मूळचा पोशेऱ्याचाच.

"तुळश्या, तू शिकलेला हायेस," रंगूबाबा म्हणाले. "बघ बरं ह्यात काय मागतात. आमाला डोकाही नाय नी शेपूटही नाय कळला."

कागद कुठल्याशा लोककला नोंदणी योजनेचा होता. बोहाड्यात सोंगं किती, कुठल्या घराची, नाचवतं कोण, ही माहिती सीडीवर आणि सोबत छापील प्रत. माहिती एक्सएमएल स्वरूपातच हवी, अन्यथा विचार होणार नाही. तुळशीदासने ते वाक्य वाचलं आणि त्याच्या अंगावर काटा आला. इतक्या वर्षांनी कुणीतरी त्याच्या लायकीचं काहीतरी मागितलं होतं.

"बाबा, हे मी करतो. तुम्ही बिनघोर राहा."

एवढ्या उत्साहाला दोन कारणं होती. एक त्याने सगळ्या आळीला सांगितलं. दुसरं स्वतःलासुद्धा धड सांगितलं नाही. त्याच्या काकाच्या घरी भीमासुराचं सोंग होतं. जिव्याकाका उभी हयात तो मुखवटा नाचवत आला आणि मूल नसल्यामुळे, तुळशीदास गावी गेला की मुखवटा त्याच्या डोक्याला लावून बघायचा. "बसल, बसल. माझ्यामागं तूच," म्हणायचा. मग काका गेला. पहिल्या वर्षी दुखवटा होता, सोंग निघालं नाही. दुसऱ्या वर्षी कचेरीत ऑडिट होतं, निदान तुळशीदासने तसं कळवलं. धोंडीबाई काकी भिंतीवरच्या मुखवट्याला तेल-बोट करत राहिली. आता हे तिसरं वर्ष. कचेरीतला कारकून, पोट सुटलेला, चष्मेवाला माणूस राक्षस होऊन गावभर गिरक्या घेणार आणि उद्या साहेब विचारणार, "काल तुम्हीच होतात का हो?" नको रे बाबा. त्यापेक्षा गावाची नोंद करू. तीही सेवाच.

शेजारचे देवानंद भाऊजी सल्ला द्यायला चहाच्या वेळेवर हजर झाले. भाऊजी बांधकाम खात्यात होते आणि त्यांना न येणारा विषय अजून निघायचा होता.

"एक्सएमएल ना? सोपं असतं. एक्सेलचा मोठा भाऊ. शर्टाला नाही का, एल, एक्सएल? तसं हे."

"भाऊजी, त्याचा याच्याशी काही संबंध नाही."

"असेल. पण शेवटी एक्सेलमध्येच करावं लागेल, लिहून ठेवा."

बायको हर्षदा झेडपीच्या शाळेत शिकवायची. तिने एकच विचारलं, "एवढीशी माहिती. नोटपॅडमध्ये हाताने टाइप करून नाही का चालणार?"

पाहुण्यांपुढे विकतची पुरणपोळी ठेवू का, असं तिने विचारल्यासारखं त्याने तिच्याकडे पाहिलं. हाताने? मग सी कशाला शिकलो? नाशिकच्या मित्राकडून त्याने एक्सएमएलची एक फुकटची लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला तयार कोड, सीडीवर मागवली आणि सेकंडहँड कॉम्प्युटरपुढे मांडी ठोकली.

आता थोडं शास्त्र सांगायला हवं, त्याशिवाय पुढची फजिती कळायची नाही. कॉम्प्युटरच्या पोटात एक्सएमएल म्हणजे झाड असतं. बोहाडा हे खोड, एकेक सोंग ही फांदी, आणि फांदीला नाचवणाऱ्याचं नाव. पण झाड काही सीडीवर उभं राहत नाही. त्याचा मजकूर करून ओळीत मांडावा लागतो. मांडताना प्रत्येक सोंगाचं नाव कोनी कंसात घालून उघडायचं, आत माणूस लिहायचा, आणि तेच नाव आधी तिरकी रेघ देऊन पुन्हा कंसात घालायचं, की ते सोंग मिटलं. जसं <रावण>देवजी</रावण>. हे सगळं लायब्ररी आपलं आपण करते. फक्त कसं करायचं याचे बारीकबारीक पर्याय असतात, आणि ते आपल्या घरच्या विजेच्या बोर्डासारखे, कुठलं बटण कशाचं ते दाबल्याशिवाय समजत नाही.

तुळशीदासने गणपतीपासून सुरुवात केली. सारजा, खंडेराव, नरसिंह, रावण, एकेका सोंगापुढे माणसाचं नाव भरत गेला. भीमासुर आला आणि बोटं थांबली. काकाचं नाव घालावं तर काका नाही. दुसरं कुणाचं घालावं तर काकी काय म्हणेल? आणि तिसरं एक नाव होतं, ते त्याला चांगलं पाठ होतं. "बघू नंतर," म्हणून त्याने जागा रिकामी सोडली आणि पुढच्या सोंगाकडे वळला.

पहिली प्रत निघाली ती सगळी एका ओळीत. गणपतीच्या पाठीला सारजा, सारजेच्या पाठीला खंडेराव, मध्ये श्वास घ्यायला जागा नाही. योजनेच्या खिडकीवरचा माणूस म्हणाला, "हे काय आणलंत? ओळी कुठायत? आम्हाला एकाखाली एक लागतं." तुळशीदास म्हणाला की मशीनला ओळींची गरज नसते. "मशीनला नसेल. साहेबांना असते."

त्याने ओळी पाडायचा पर्याय चालू केला. तरी ओळ ढिम्म हलेना. दोन दिवस डोकं खाजवल्यावर उलगडा झाला. नावांची मूळ फाइल शेवटी त्याने हातानेच टाइप केली होती आणि तीत जागोजागी मोकळ्या जागा पडल्या होत्या. लायब्ररी बापडी त्या मोकळ्या जागांनाही मजकूर समजून जिवापाड जपत होती आणि मजकुरात आपण कसा हात घालायचा म्हणून गप्प होती. वाचतानाच त्या जागा झाडून टाक असं सांगितल्यावर फाइल सुरळीत झाली. तुळशीदासला एवढा आनंद झाला की त्याने हर्षदाला स्वयंपाकघरातून हाक मारून बोलावलं. तिने ओल्या हाताने पडद्याकडे पाहिलं.

"आधी आडवं होतं, आता उभं झालं. हो ना?"

"हो."

"छान," म्हणून ती पोळीकडे गेली.

ही उभी प्रत घेऊन तो एसटीने पोशेऱ्याला गेला. देवळापुढे मंडळी जमली. रंगूबाबांनी शाळा दुसरीपर्यंत केलेली, पण अक्षर लावून वाचायचे. त्यांनी कागद डोळ्यांपासून लांब धरला.

"गणपती. बरोबर. गणपतीच्या आत ह्यो काय लिवलाय? वेटोळा, जाळी, फुली, नऊशे... आरं, माझा नाव कुठं हाय?"

तुळशीदासने कागद हिसकून घेतला. सोंगांची नावं धडधाकट होती, पण आतल्या प्रत्येक माणसाच्या जागी आकड्यांची रांग लागली होती, आणि ओळींच्या नादात त्याने आतलं वाचलंच नव्हतं. मजकूर कुठल्या लिपीपद्धतीत लिहायचा हे त्याने सांगितलंच नव्हतं. मग लायब्ररीने सावधपणा केला, आणि मराठी अक्षर दिसलं की त्याचा क्रमांक लिहून मोकळी झाली.

"देवाला नाव नी माणसाला नंबर!" रंगूबाबा भडकले. "आमी काय कैदी हाव? सरकारनं सांगलं का असा लिवायला?"

"सरकारने नाही बाबा. माझ्याकडून राहिलं."

"मंग सरकारनं सांगला आसता तर बरा होता. तुज्याकडनं व्हतंय म्हंजे काय?"

तुळशीदास मान खाली घालून जव्हारला परतला. एसटीत शेजारच्या माणसाने कागद बघून विचारलं, लॉटरीचे आकडे का? त्याने कागदाची घडी करून खिशात घातली. गंमत म्हणजे हीच आकड्यांची प्रत तो गावी जाण्याआधीच योजनेच्या खिडकीवर देऊन आला होता आणि तिथे ती लगेच पसंत पडली होती. "वा, आता कशी ऑफिशियल दिसते!" तो माणूस म्हणाला होता. ती परत घेण्यासाठी तुळशीदासला वेगळा अर्ज करावा लागला.

लिपीपद्धत यूटीएफ-८, असं एकदा नीट सांगितल्यावर माणसं आकड्यांतून बाहेर आली. तिसरी प्रत खरंच देखणी निघाली. देवळापुढे पुन्हा मंडळी बसली. ज्याचं नाव वाचलं जाई तो उगाच मिशीवरून हात फिरवी. रंगूबाबांनी स्वतःचं नाव दोनदा वाचून घेतलं. सकाळच्या उन्हात खांबाला टेकून धोंडीबाई काकी बसली होती, आणि तुळशीदासला वाटलं, एवढ्या वर्षांचं सी आज फळाला आलं.

"थांब," रंगूबाबा म्हणाले. त्यांचं बोट कागदाच्या मध्यावर होतं. "भीमासुराचा असा का?"

बाकी प्रत्येक सोंग उघडत होतं, आत माणूस होता, मग मिटत होतं. भीमासुराचं तेवढं <भीमासुर/> असं एकच, शेपटाला तिरकी रेघ. आत काही नसेल तर लायब्ररी उघडायचे आणि मिटायचे असे दोन कंस लिहीत बसत नाही. एकातच उरकते. तुळशीदासला हे माहीत होतं. पोशेऱ्याला दुसरं माहीत होतं. त्यांच्या देवळाच्या भिंतीवर गेरूने प्रत्येक सोंगाची खूण काढलेली होती, आणि एखाद्या घराने सोंग सोडलं की त्या खुणेवर कोळशाने एक तिरकी रेघ मारायची, ही तिथली जुनी रीत. रेघ मारली की सोंग त्या घराचं सुटलं. मुखवटा उतरवायचा आणि दुसऱ्या घरी द्यायचा.

सगळ्यांच्या माना आधी भिंतीकडे, मग काकीकडे वळल्या.

"ती रेघ तसली नाही बाबा!" तुळशीदास घाईघाईने म्हणाला. "ते नुसतं थोडक्यात लिहिलंय. आत रिकामं असलं की तसं येतं."

"रिकामा हाय म्हनूनच तर रेघ मारतात," रंगूबाबा म्हणाले.

रघ्या उठून उभा राहिला. हा उंचापुरा, नाचात तयार, आणि गेली दोन वर्षं भीमासुरावर डोळा ठेवून होता. वाईट नव्हता पोरगा. "सोंग भिंतीला टांगून सडवायचा का? काकीचा मान हाय, पर आता तर सरकारी कागदातच रेघ आली."

सरकारी कागद! तो कागद तुळशीदासने, स्वतःच्या घरी, बनियनवर बसून छापला होता. पण आता तो खुद्द त्याचंही ऐकेना. पुढच्या सोमवारी मुखवटा उतरवायचा असं ठरलं. धोंडीबाई काकी उठली, लुगड्याची धूळ झटकली आणि त्याच्याकडे न बघता घरी गेली. त्याला फार वाईट वाटलं. काकाच्या मागे त्या घरात बोलायला दुसरं होतं कोण? संध्याकाळी दिवा लावून ती त्या मुखवट्यालाच दिवसभराचं सांगायची, हे सगळ्या पाड्याला ठाऊक होतं.

घरी आल्यावर देवानंद भाऊजींनी प्रत निरखून पाहिली. "व्हाइटनर लावा. रेघ गुल."

"सीडीला व्हाइटनर लावू?"

"सीडी कोण उघडून बघतंय?"

पण तुळशीदास आता इरेला पेटला होता. त्याने लायब्ररीची माहितीपत्रं पालथी घातली. शोधता शोधता त्याच्या मनात सगळा राग त्या लायब्ररीवर जमला. एका बाईच्या घरावर रेघ मारायचा हिला काय अधिकार? आत कुणी नाही म्हणून काय झालं? दार उघडून तरी दाखवायचं! हर्षदा वह्या तपासत बसली होती. तिने मान वर न करता विचारलं,

"पण ते रिकामं का आहे हो?"

"म्हणजे?"

"म्हणजे तिथे नाव का नाही?"

"तो वेगळा मुद्दा आहे," तुळशीदास म्हणाला. "सध्या प्रश्न मांडणीचा आहे."

हर्षदाने एका वहीवर जरा जोरातच बरोबरची खूण केली.

शेवटी सापडलं. रिकाम्या फांद्या आखडून लिहू नकोस, उघड आणि मीट, असं सांगणारा एक पर्याय होता. शून्याचा एक केला की झालं. त्याने एक केला. पडद्यावर <भीमासुर></भीमासुर> असं आलं तेव्हा तो खुर्चीतून उठून उभाच राहिला. उघडायचा कंस आला, मिटायचा आला, आणि ती एकटी रेघ आता बाकीच्या सोंगांसारखी चारचौघांत गेली.

सोमवारी पहिल्या एसटीने तो पोशेऱ्याला पोचला. काकीने त्याला पाटावर बसवून पाणी दिलं. भिंतीवर भीमासुर होता, लाल तोंडाचा, सुळेवाला, तेलाने चकचकीत. तो थेट तुळशीदासकडेच बघत होता. थोड्या वेळाने रंगूबाबा आणि रघ्या आले. रघ्याने मुखवटा गुंडाळायला नवं कापड आणलं होतं.

"बाबा, आधी हे बघा." तुळशीदासने नवी प्रत उलगडली. "रेघ आता सगळ्यांसारखी. हे आत जायचं दार, हे बाहेर यायचं. घर उघडं आहे. सोंग सुटलेलं नाही."

रंगूबाबांनी बराच वेळ बघितलं. त्यांनाही ते पटावंसं वाटत होतं, हे त्यांच्या तोंडावरून कळत होतं.

"दार हाय," ते म्हणाले. "ह्या बाजूनं पन हाय. नी मधी?"

"मधी... मधी मोकळं आहे."

"दारं दोन, नी मानूस नाय." त्यांनी कागद हळूच त्याच्या मांडीवर ठेवला. "बोहाड्यात मोकळा मुखवटा कसा नाचल रं, तुळश्या?"

तुळशीदास त्यांना सांगू लागला की मांडणी आणि मजकूर या दोन वेगळ्या गोष्टी असतात, मांडणी एकदा नीट झाली की मजकूर केव्हाही भरता येतो, लायब्ररीत तशी सोयच आहे. बोलता बोलता त्याचं त्यालाच ऐकू यायला लागलं की आपण काय बोलतोय. रघ्या जमिनीकडे बघत होता. तेवढ्यात काकी हसली. आधी तोंडाला पदर लावून आणि मग चांगली खदखदून.

"शिमग्याच्या आदीपासनं ह्या पोराचा चाललाय," ती रंगूबाबांना म्हणाली. "मोकळी जागा कशी लिवायची, मोकळी जागा कशी लिवायची! आरं बाबा, मोकळी जागा मला नाय का ठाव? दोन वरसं मी तिच्यातच बसलीय."

हसता हसता तिचे डोळे भरले. तिने ते पुसले नाहीत. उठली, दुसरा पाट ओढून त्यावर चढली आणि मुखवटा खाली उतरवला.

"डोका पुढं कर."

"काकी, तो काकांच्या मापाचा. माझं डोकं लहान. मला नाही बसायचा, आणि चष्मा..."

"चष्मा काढ."

त्याने चष्मा काढला. मुखवटा डोक्यावर आला आणि कानाला, कपाळाला, मागे मानेला नीट बसला. कुठे ढिला नाही, कुठे टोचत नाही. आतल्या बाजूने जुन्या धोतराच्या मऊ घड्या शिवलेल्या होत्या.

"हे कधी केलंत?" मुखवट्यातून त्याचा आवाज राक्षसासारखाच आला.

"मी कशाला करू? तुझ्या काकानं केला," काकी म्हणाली. "शेवटल्या दुखन्यात, हातरुनात बसून. म्हनला, तुळश्याचा डोका बारीक हाय, हालल. सुईत दोरा मी ववून दिला, टाके त्याचे."

मुखवट्याच्या आत अंधार होता आणि तेलाचा, धोतराचा, काकाच्या तंबाखूचा वास होता. तुळशीदास आत ढसाढसा रडला. बाहेर कुणाला दिसलं नाही, फक्त भीमासुराची मान हलत होती. रघ्याने आणलेलं कापड घडी करून काखेत मारलं.

"पायाचा ठेका येतो का?" त्याने विचारलं. "येत नसंल. चल, शिकवतो. मानूस जागच्या जागी उभा राहिला तर आमचीच लाज जायची."

बोहाड्यात तुळशीदास काही फार चांगला नाचला नाही. तिसऱ्या गिरकीला तो सांबळवाल्याच्या अंगावर गेला, आणि महाराष्ट्रात कुठल्याही राक्षसाने मागितली नसेल इतक्या वेळा त्याने त्याची माफी मागितली. हर्षदा पोट धरून हसत होती. देवानंद भाऊजी मुद्दाम जव्हारहून आले होते आणि गिरकी डावीकडून घ्यायला हवी होती असं त्यांचं मत पडलं. साहेबही आले होते, बायको-मुलांसह. दुसऱ्या दिवशी कचेरीत ते एवढंच म्हणाले, "तुम्ही नाचता हे बोलला नाहीत कधी."

त्याच आठवड्यात योजनेचं नवं पत्र आलं. मागवलेली सर्व माहिती आता एक्सएमएलऐवजी एक्सेलमध्ये पाठवावी, आधी पाठवलेल्या सीडी विचारात घेतल्या जाणार नाहीत. देवानंद भाऊजींनी ते पत्र दोनदा मोठ्याने वाचलं, घडी घातली आणि दुसरा चहा मागितला. तुळशीदासला राग यायला हवा होता, पण आला नाही.

भाऊजी गेल्यावर त्याने तरीही कॉम्प्युटर लावला. फाइल उघडली, भीमासुरापाशी आला आणि इतके दिवस पाठ असलेलं नाव टाइप केलं. प्रोग्रॅम चालवला. भीमासुर उघडला, आत तुळशीदास आला, भीमासुर मिटला. रिकाम्या जागेचा तो पर्याय अजून चालू होता की बंद, हे त्याने पाहिलंही नाही.